लोडर कधी लागला नाही, हेडसेट लागतो

पत्र थोडक्यात: हे वाचक खानापूर तालुक्यातले, चाळिशीला टेकलेले. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत बरीच वर्षं लोडर चालवतात. वापरलेली वाळू आणि स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवरची मळी, उचलायचं काम, धग आणि धूळ भरपूर. मालकांनी आता लोडरवर कॅमेरे बसवून घेतलेत. ऑपरेटरने शेजारच्या खोलीत खुर्चीवर बसायचं, डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळे झाकून आत चित्र दाखवणारा मोठा चष्मा, चढवायचा आणि तिथून लोडर चालवायचा. ट्रेनिंगसाठी यांची आणि नुकताच डिप्लोमा झालेल्या एका मुलाची निवड झाली. मुलगा पाऊण तास आरामात बसतो. यांना मात्र दहा-पंधरा मिनिटांत गार घाम फुटतो, मळमळतं. एकदा उलटीही झाली. कुणाला सांगितलेलं नाही. मेडिकलमधून प्रवासाची गोळी आणतात, ती घेऊन बसतात आणि सुटी झाली की मोटारसायकलने गावी जातात. आईने दृष्ट काढली, बायको म्हणते पित्त आहे, उपाशी जाऊ नका. ते विचारतात, "चोर्ल्याचा घाट मी रात्रीचा चढवतो, जन्मात कधी गाडी लागली नाही. मग खुर्चीत बसून का लागावं? सोसत राहिलो तर सवय होईल का? की सांगून टाकू? सांगितलं तर काम जाईल का?" जाता जाता हेही विचारलंय की घरी आपल्या मुलाला हेडसेट बघायचाय, एक दिवस घरी आणला तर चालेल का.

आधी मोटारसायकलचं बोलू. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

प्रवासाला म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते. एव्होमिन या गोळीत प्रोमेथाझिन हे औषध असतं, आणि ते घेऊन वाहन किंवा यंत्र चालवू नये हा इशारा त्या औषधासोबतच दिलेला असतो. तुम्ही ती घेऊन आधी लोडर चालवता आणि मग अंधारात खानापूरचा रस्ता धरता. शिवाय हेडसेट काढला म्हणजे त्रास संपला असं होत नाही. बरं वाटून तास-दोन तास झाल्यावरही अचानक गरगरू शकतं, तोल जाऊ शकतो. म्हणूनच अनेक ठिकाणी सिम्युलेटरवर, म्हणजे सरावाच्या खोट्या विमानात, बसलेल्या वैमानिकाला पुढचे ठरावीक तास खरं विमान उडवू देत नाहीत. तेव्हा हेडसेटच्या दिवशी जाणं-येणं बसने. गाडी कारखान्यात लावून जायचं नसेल तर ती सकाळी आणूच नका. गोळी चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना 'प्रवासाला जायचंय' असं सांगू नका. काय काम करता ते सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे: चांगल्या ड्रायव्हरला असलं काही होत नसतं. ती तपासून बघू.

घाटात गाडी लागते ती मागच्या सीटवरच्यांना. चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, कारण वळण कुठल्या क्षणी येणार हे त्याच्या अंगाला आधीच ठाऊक असतं, स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं. तुम्हाला आजवर लागली नाही ती यामुळे. पोट दगडाचं आहे म्हणून नव्हे. हेडसेटमध्ये कंट्रोल तुमच्याच हातात आहेत, पण अंगाला मिळणारी खबर मात्र बंद झालीय. डोळे सांगतात की आपण डावीकडे वळतोय. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात, त्या सांगतात की आपण खुर्चीत गप्प बसलोय. या भांडणातून मळमळ सुरू होते.

यात तुमच्यासारख्यांना जास्त त्रास का होतो, हे समजून घ्या. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात असं मांडलं की भांडण नुसतं डोळा आणि कान यांच्यात नसतं. या क्षणी अंगाला काय जाणवायला हवं, याचा अंदाज मेंदू जुन्या अनुभवावरून बांधत असतो, आणि खरा बेबनाव त्या अंदाजाशी होतो. आता तुमचा जुना अनुभव बघा. बकेट ढिगात घुसली की सीट पुढे खेचते. ती भरत आली की मागची चाकं हलकी झाल्याचं बुडाखाली कळतं. चाक वाळूत सटकायला लागलं तर इंजिनाचा आवाज बदलायच्या आधी कंबरेला समजतं. इतक्या वर्षांत तुमच्या मेंदूने ही सगळी खूणगाठ बांधून ठेवलीय. हेडसेटमध्ये बकेट ढिगात घुसताना दिसते आणि सीट मात्र ढिम्म. त्या मुलाच्या मेंदूत ही अपेक्षाच नाही, मग मोडणार काय?

ही मी तुमची समजूत घालतेय असं वाटू नये म्हणून जुना दाखला देते. १९५७ साली अमेरिकी नौदलाच्या एका हेलिकॉप्टर सिम्युलेटरच्या अहवालात ही तक्रार पहिल्यांदा नीट नोंदली गेली. पुढे त्याच सिम्युलेटरचा अभ्यास झाला, तेव्हा शिकाऊ मुलांपेक्षा त्यांना शिकवणाऱ्या अनुभवी वैमानिकांनाच जास्त त्रास होत असल्याचं दिसलं. खरं हेलिकॉप्टर ज्यांच्या अंगात मुरलं होतं, त्यांना खोटं सोसवत नव्हतं. आणि धडधाकट माणसाला होत नाही म्हणावं, तर १९६१ साली एका दिवसाहून जास्त काळ अंतराळात राहिलेला पहिला माणूस गेरमान तितोव्ह हा लढाऊ वैमानिक होता, त्यालाही तिथे मळमळलं. उलट ज्यांच्या आतल्या कानाचं तोलाचं काम पूर्ण बंद पडलेलं असतं, त्यांना गाडी लागत नाही. म्हणजे तुम्हाला होणारा त्रास हा कान शाबूत असल्याचा पुरावा समजा.

त्या मुलाबद्दल एक शंका आहे. तो पाऊण तास बसतो एवढं तुम्ही बघितलंय. नंतर त्याचं डोकं दुखतं का, डोळ्यांची आग होते का, हे विचारलंय का? त्याला एकदा चहाला न्या आणि आधी स्वतःचं सांगा. तुम्ही लपवलंत तसं त्यानेही काही लपवलेलं असू शकतं. नसेलच काही, तरी आधार मिळेल.

'सोसलं की सवय होते' हे आपल्याकडचं लाडकं औषध आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. सवय होते, बहुतेकांना होते, पण थोडं थोडं करून आणि मध्ये विश्रांती देऊन. उलटी होईपर्यंत दात खाऊन बसलं की मेंदू हेडसेट आणि मळमळ यांची गाठ मारतो. मग एक दिवस असा येतो की चेहऱ्याला चिकटणाऱ्या त्या फोमच्या वासानेच मळमळून येतं. तिथून परतणं अवघड. तुम्ही बहुधा त्याच वाटेवर आहात.

त्यामुळे थांबायचं ते उलटीच्या बरंच आधी. कारण नसताना जांभया, तोंडात लाळ जमणं, ढेकर, कपाळावर गार घाम, कोंडल्यासारखं वाटणं, ही पहिली बोलावणी. यातलं एक आलं की लोडर जागेवर उभा करा, बकेट खाली टेकवा आणि हेडसेट काढा. 'एवढी ट्रिप संपवतो आणि काढतो' हे नको. दहाव्या मिनिटाला सुरू होत असेल तर सध्या सहा-सात मिनिटांवरच उठा, अजून बरं वाटत असताना. काढल्यावर लगेच चालू नका, पाय लटपटतात. दाराबाहेर लांबचं, न हलणारं काहीतरी बघत बसा. पूर्ण बरं वाटल्याशिवाय पुन्हा चढवू नका, आणि सुरुवातीला तर त्या दिवशी नकोच.

लोडरचं कामच मुळात या त्रासाला आमंत्रण देणारं आहे. पुढे जा, बकेट भर, मागे ये, वळ, ओत, परत मागे. ट्रक सरळ रस्त्याने जातो, तुम्ही मिनिटामिनिटाला दिशा बदलता. म्हणून पहिले काही दिवस रिकाम्या जागेत, हळू, नुसतं सरळ पुढे चालवू द्या असं मागून घ्या. मग मोठी वळणं, आणि रिव्हर्स सगळ्यात शेवटी. लोडर वळत असताना मान वळवू नका. आधी थांबा, मग बघा, मग वळा. वेळ जाईल, जाऊ द्या.

बायकोचं पित्ताचं निदान चुकलं असलं तरी तिचा सल्ला बरोबर आहे: उपाशी जाऊ नका. पोट तट्ट भरूनही नको. आल्याचा फायदा काही चाचण्यांत दिसला, काहींत नाही, पण आलेपाकाची वडी खाऊन झोप येत नाही, एवढं गोळीपेक्षा बरं. समोर टेबलफॅन लावून घ्या, चेहऱ्यावर वारा असला की अनेकांना आराम पडतो. खुर्ची अशी हवी की पाठ आणि डोकं दोन्ही टेकतील. आईने दृष्ट काढली ती काढू दे. मीठ-मोहरीचं आणि हेडसेटचं काही भांडण नाही.

पण एक पथ्य पाळा. हेडसेट नसतानाही गरगरत असेल, अंथरुणात कूस बदलताना घर फिरतंय असं वाटत असेल, एका कानात आवाज येत असेल किंवा कमी ऐकू येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. एकाचं दोन दिसलं, बोबडी वळली किंवा हातपाय बधिर झाले तर मात्र वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये. अर्धशिशीचा त्रास असलेल्यांना हे सगळं जास्त होतं, तुम्हाला असेल तर तेही सांगा.

इथपर्यंत आपण तुमच्या अंगाचं बोललो. तुमच्या पत्रात यंत्राबद्दल मात्र एक ओळ नाही. हेडसेट जसा आहे तसा आहे आणि बदलायचं ते मी, असं तुम्ही धरूनच चाललात. मला तसं वाटत नाही. चित्र उशिरा येतं, कॅमेरा थरथरतो, मान वळवल्यावर दृश्य मागून येतं, या गोष्टींनी भल्याभल्यांना लागतं, आणि त्या दुरुस्त होतात.

चित्र किती उशिरा येतं हे तुम्ही स्वतः मोजू शकता. लोडरच्या कॅमेऱ्यापुढे मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करून धरा. हेडसेटमधलं चित्र बाहेरच्या मॉनिटरवरही दिसत असेल, तो शेजारी ठेवा. दुसऱ्या मोबाइलने एकच फोटो असा काढा की खरं स्टॉपवॉच आणि मॉनिटरवरचं स्टॉपवॉच दोन्ही त्यात येतील. दोन आकड्यांतला फरक म्हणजे उशीर. मॉनिटर आणि हेडसेट यांच्यात थोडं इकडेतिकडे होईल, पण अंदाज पक्का मिळतो. डोकं हलवल्यावर हेडसेटमधलं दृश्य साधारण वीस मिलिसेकंदांत (सेकंदाच्या पन्नासाव्या भागात) हलावं असं व्हीआर बनवणारे धरून चालतात. कॅमेऱ्यातून वायफायवरून येणारं चित्र सहज शंभराच्या वर जातं. इथे इंजिनिअरला विचारायचा प्रश्न असा: मी मान वळवली की लोडरवरचा कॅमेरा मोटरने वळतो, की मोठ्या रुंद चित्रातला तेवढा भाग माझ्यासमोर येतो? पहिल्या पद्धतीत प्रत्येक नजर उशिरा पोचते. दुसरीत निदान मानेपुरता तरी उशीर राहत नाही.

कॅमेरा कुठे बसवलाय तेही बघा. बॉनेटवर किंवा बूमजवळ (बकेट उचलणाऱ्या दांड्याजवळ) असेल तर दणके सगळे डोळ्यांत येणार. तुम्ही सीटवर बसल्यावर डोळे जिथे असायचे तिथे, केबिनच्या उंचीवर, रबर घालून बसवायला सांगा. चित्रात केबिनचे खांब आणि बॉनेटची कड कायम दिसू द्या. न हलणारं काहीतरी नजरेसमोर असलं की मेंदूला धरायला मिळतं. वळताना चित्राच्या कडा आपोआप काळ्या होत जाव्यात, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करता येते. कोलंबिया विद्यापीठात २०१६ साली तपासून बघितलं, तेव्हा अशी हळूहळू केलेली कडा अनेकांच्या लक्षातही आली नाही आणि त्रास मात्र कमी झाला. हेडसेटमध्ये दोन भिंगांतलं अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे जुळवायचं बटण किंवा चक्र बहुतेक वेळा असतं. तो मुलगा आणि तुम्ही एकच हेडसेट आळीपाळीने लावता आणि ते चक्र त्याच्या डोळ्यांवर जुळवलेलं आहे, असं तर नाही ना?

मग सगळ्यात मोठा प्रश्न: हेडसेट हवाच कशाला? लांबून यंत्र चालवायला डोळे झाकावेच लागतात असा नियम नाही. जमिनीखालच्या खाणींतले लोडर वर जमिनीवरच्या खोलीत बसून चालवतात ते साध्या मॉनिटरवर बघून. १९७० साली सोव्हिएत रशियाची लुनोखोद ही गाडी चंद्रावर उतरली. तिचे ड्रायव्हर क्रिमियात टीव्हीपुढे बसून ती चालवत होते, तीही काही सेकंदांनी एक अशा येणाऱ्या स्थिर चित्रांवर. समोर तीन मॉनिटर मांडले तर खोलीच्या भिंती डोळ्यांच्या कडेला दिसत राहतात आणि त्रास बराच घटतो. समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज मात्र हेडसेटमध्ये जास्त चांगला येतो, म्हणून मालकांनी तो निवडला असेल. दोन्ही लावून बघायला हरकत काय?

आता सांगायचं की नाही. काम जाणार नाही असा शब्द मी कुठल्या तोंडाने देऊ? तुमचे मालक मला माहीत नाहीत. पण न सांगण्याची बाजू नीट तोलून बघा. बकेट वर उचललेली आहे, फर्नेसकडून कुणीतरी ट्रॉली ढकलत येतंय, आणि शेजारच्या खोलीत तुम्हाला उलटीची उबळ आली. त्यानंतर जे होईल ते 'त्रास लपवून, गोळी घेऊन बसला होता' या नावाने तुमच्या माथी लागेल. सांगितल्यावर काय होईल ते अंधुक आहे. न सांगितल्यावर काय होऊ शकतं ते स्वच्छ दिसतंय.

सांगण्याची रीतही असते. 'मला जमत नाही सर' म्हणालात तर विषय तुमच्यावर येतो. चार दिवस वहीत लिहून ठेवा: कितव्या मिनिटाला, काय करताना, काय झालं. मळमळ, डोकं, डोळे, गरगर, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, बसण्याआधी आणि उठल्यावर. १९९३ पासून जगभर अशीच एक प्रश्नावली वापरतात, त्यात सोळा लक्षणांना याच पद्धतीने मार्क देतात. मग सुपरवायझरला सांगा: "सर, सरळ चालवताना काही होत नाही. रिव्हर्स घेऊन डावीकडे वळलो की आठव्या मिनिटाला गरगरतं. चित्र पाव सेकंद उशिरा येतंय, हा फोटो. कॅमेरा वर घेऊन बघूया का?" ही ट्रेनिंगमधल्या माणसाची नोंद झाली. कॅमेऱ्यावर पैसे घातलेल्या मालकाला ती लागणारच आहे, कारण उद्या तिसरा ऑपरेटर आणला तरी त्याला हेच होऊ शकतं. त्याच वेळी दोन गोष्टी मागून घ्या: हेडसेट चालू असताना फ्लोअरवर इमर्जन्सी स्टॉप हातात घेतलेला एक माणूस, आणि तुमच्या हाताखाली असं बटण की जे दाबलं की लोडर जागच्या जागी थांबेल.

आणि हे सगळं सोडून परत केबिनमध्ये जाऊन बसावं का? तुमच्या पत्रात ती ओढ दिसते. मी घाई करू नका म्हणेन. फाउंड्रीच्या वाळूतली बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मळमळ संध्याकाळपर्यंत उतरते. त्या धुळीतून बाहेर पडायची संधी आलीय, तिला दीड-दोन महिने नीट, हळूहळू देऊन बघा. काही थोड्या लोकांना कितीही केलं तरी सवय होत नाही. त्यात तुम्ही निघालात तर मॉनिटर मागा. तेही नसेल तर ढीग कधी ढासळेल, स्लॅग कुठे अजून तापलेला आहे हे त्या मुलाला सांगणारा माणूस तिथे लागेलच, आणि ते तुम्हालाच येतं.



राहिला तुमचा स्वतःचा मुलगा. कंपनीचा हेडसेट घरी आणू नका, तो हरवला किंवा पडला तर नसतं लचांड. हट्टच असेल तर सुपरवायझरला विचारून रविवारी त्याला कारखान्यात न्या, लोडर बंद ठेवा आणि कॅमेऱ्यातून नुसतं बघू द्या, दोन मिनिटं, खुर्चीत बसवून. त्याआधी खोक्यावर वयाची अट काय लिहिलीय ते वाचून घ्या.